ताउनो अलाकोर्वाच्या अंगातलं लोखंड

आमच्या पोरोलाम्पी गावात पाद्रीबुवांच्या खालोखाल कुणाला मान असेल, तर तो ताउनो अलाकोर्वाच्या उजव्या कुल्ल्याला. त्यात रशियन तोफगोळ्याचा तुकडा रुतून बसलाय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चमध्ये त्याच्या जागेवर मेंढीचं कातडं अंथरलेलं असे. सहकारी दुकानात तो कॉफी प्यायला आला, की दुकानदार पोक्का गल्ल्यामागची स्वतःची गादीची खुर्ची पुढे करी आणि म्हणे, "बस बाबा, पण बेतानं. देशाचं लोखंड आहे ते." लोखंड खरं तर शत्रूचं होतं, पण पोक्काच्या देशप्रेमाला असले बारकावे सोसत नसत.

हवामानाचा अंदाजही गाव रेडिओवर सोडत नसे. "काय ताउनो, ठणकतंय का?" कुणीतरी विचारी. ताउनो जरा वेळ घेऊन म्हणे, "ठणकतंय थोडं." झालं, उद्या बर्फ! लॅपलँडात वर्षातले बरेच महिने दुसरं काही पडतच नाही, त्यामुळे ताउनोचं लोखंड कधी खोटं ठरलं नाही.

या मानाची किंमत त्याला मोजावी लागे ती सॉनात, वाफेच्या न्हाणीत. शनिवारी सगळे पुरुष उघडे होऊन आत शिरले, तापल्या दगडांवर पाणी पडून वाफ उसळली, की ताउनो आशेनं वरच्या फळीकडे बघे. खरी धग वरच असते. पण चार हात पुढे येऊन त्याला खाली बसवत. "वर नको रे! लोखंड तापलं तर आतून भाजून निघशील!" युद्ध संपून तेरा वर्षं होत आली होती, आणि एवढी सगळी वर्षं हा तरणा लाकूडतोड्या खालच्या फळीवर म्हाताऱ्यांच्या शेजारी कोमट होत बसला होता.

सोसत होता, कारण बोलायची सोय नव्हती. लोखंड नव्हतंच.

होती ती घोडी. तिचं नाव लौहा, म्हणजे सौम्य, सालस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ही घोडी शेजारच्या हिल्माकाकूंची. युद्धात सरकारनं माणसांबरोबर घोडेही नेले. काकूंच्या दारातून एकाच दिवशी एकुलता एक मुलगा अर्वो गेला आणि लौहाही गेली, आणि दोघं आले ते नेमके ताउनोच्या तुकडीत. एका संध्याकाळी तबेल्यात ताउनो बुटाची नाडी बांधायला वाकला. मागच्या खिशात वाळलेली राईची भाकरी होती. लौहानं भाकरी घेतली, खिसा घेतला आणि खिशाआडचा ताउनोही थोडासा घेतला. त्याला बसता येईना की धड उभं राहता येईना. पहाऱ्याची पाळी त्याची होती. ती अर्वोनं घेतली. गोळा पडला तो बरोबर पहाऱ्याच्या जागेवर.

पुढे जखम चिघळली आणि ताउनोला इस्पितळाच्या आगगाडीत घातलं. गाडीत कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय. शेजारच्या जखमीनं विचारलं, "तुला काय लागलं?" आता अशा माणसाला 'घोडी चावली' असं कुठल्या तोंडानं सांगणार? ताउनो म्हणाला, "गोळा."

एवढ्यावर निभावलं असतं. पण तो गावी परतला त्या दिवशी हिल्माकाकू फाटकात उभ्या होत्या. "तू होतास का रे त्याच्याजवळ?" एवढंच त्यांनी विचारलं. ताउनोनं होकारार्थी मान हलवली. काकू काही बोलेनात, हलेनात, आणि ती शांतता न सोसून त्याच्या तोंडून निघून गेलं, "एकच गोळा होता, काकू. अर्धा त्याला, अर्धा मला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

तेव्हापासून दर शनिवारी सॉना आटोपल्यावर काकू त्याला कॉफीला बोलवत. तो सावकाश खुर्चीत टेकला, की त्या क्षणभर बघत राहत. आपल्या लेकाच्या शेवटच्या घटकेतलं काहीतरी या माणसाच्या अंगात अजून आहे, याचाच त्यांना आधार वाटे. आणि ताउनोला ती कॉफी घोडीच्या दातांपेक्षा जास्त लागे. हे सगळं जाणून होती ती फक्त त्याची बायको लेम्पी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघं गप्प होती.

अशात गावात डॉक्टर लिंडरूस आले.

ते हेलसिंकीचे, पृथ्वीच्या चुंबकत्वाचे डॉक्टर. पण डॉक्टर म्हटल्यावर कशाचे, हे विचारतं कोण? पहिल्याच सकाळी त्यांच्या दाराशी रांग लागली. एका म्हाताऱ्यानं विजार सोडून अंतर्गळ दाखवला. पोक्कानं जीभ बाहेर काढली.

"अहो, मी फक्त पृथ्वी तपासतो!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"मग पृथ्वी झाल्यावर बघा," पोक्का जीभ आत घेऊन म्हणाला. "घाई नाही."

त्या वर्षी जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीची नाडी बघायचं ठरवलं होतं, आणि ध्रुवाकडचं एक केंद्र आमच्या तळ्याकाठी व्हायचं होतं. दिसायला काम किरकोळ. एक खोपट. त्यात केसासारख्या धाग्याला टांगलेली चुंबकाची सुई, सुईला इवलासा आरसा, आणि आरशावरून भिंतीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. पृथ्वीचं चुंबकत्व जरा इकडचं तिकडे झालं, आकाशात ध्रुवप्रकाश नाचायला लागला, की ठिपका सरकणार आणि फोटोच्या कागदावर त्याची रेघ उमटणार. ही रेघ पन्नास वर्षं तुटू द्यायची नाही, असा डॉक्टरांचा पण होता.

"पन्नास वर्षं नुसतं बघत बसायचं?" पोक्कानं विचारलं. "आणि मग?"

"मग पुढची पन्नास."

"असे नुसते बघत बसणारे आमच्या गावात ढिगानं आहेत," पोक्का म्हणाला. "त्याला पगार असतो हे ठाऊक नव्हतं."

अट एकच होती. खोपटात आणि आसपास लोखंड फिरकता कामा नये. भिंती चिडाच्या लाकडाच्या, खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळी. इथवर ठीक होतं. पण कामावर येणाऱ्या माणसांच्या अंगावरचं लोखंड निघायला लागलं तेव्हा गावाची खरी परीक्षा झाली. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला सुरी असतेच. ती काढून ठेवा म्हटल्यावर बाप्ये असे अवघडले, की विजार काढायला सांगितली असती तर बरं, असं वाटावं. मग विजारीचीही पाळी आलीच. गॅलिसचे पोलादी चिमटे गेले, त्या जागी सुतळी आली, आणि तुळई खांद्यावर घेतलेल्या माणसाची सुतळी सुटली की त्यानं तुळई सांभाळावी की अब्रू, हा प्रश्न रोजचा झाला. पाद्रीबुवा आशीर्वाद द्यायला आले तर सुई गरकन फिरली. बिचाऱ्यांच्या कवळीत तार होती. त्यांनी कवळी खिशात न ठेवता सरळ बाहेरच्या ओंडक्यावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं आशीर्वाद दिला. तो देवाला कळला असेल.

पण सगळ्यात मोठा घोटाळा त्याच्याही आधी झाला, तो आमच्या स्वभावामुळे. डॉक्टर यंत्रं आणायला हेलसिंकीला गेले, जाताना तळ्याकाठच्या उंचवट्यावर, आठवडाभर तपासून काढलेल्या जागी एक खुंटी ठोकून गेले. "काम सुरू करा," म्हणाले. आता आमच्याकडे काम सुरू करायचं म्हणजे आधी सॉना बांधायचा. घर असो, पूल असो, चर्च असो. माणसं आंघोळ कुठं करणार? आणि सॉनाला जागा कुठली, तर तळ्याकाठची, उंच, कोरडी. डॉक्टर परतले तेव्हा त्यांच्या खुंटीभोवती झकास सॉना उभा होता, आत दोन माणसांना न उचलणारी लोखंडी शेगडी फुलली होती, आणि खुंटीला टॉवेल टांगला होता.

डॉक्टर आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "ही जागा! माझी जागा!"

"जागा उत्तमच शोधलीत, डॉक्टर," ताउनो मनापासून म्हणाला. "आधी आत चला. बोलणं नंतर."

आमच्याकडे सॉनाला नाही म्हणता येत नाही, मग माणूस किती का शिकलेला असेना. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले ते उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ होऊन. खोपट टेकाडापलीकडे न्यायचं ठरलं. फक्त त्यांनी एकदा विचारलं, "ही शेगडी कधी हलणार नाही ना?"

"सॉना हलवतात होय कुठं?"

"मग हरकत नाही. गप्प बसलेल्या लोखंडाशी सुईचं भांडण नसतं. सवय होते तिला. भांडण असतं ते रोज येणाऱ्याजाणाऱ्या लोखंडाशी."

हे वाक्य लेम्पीनं ऐकलं असतं तर तिनं पुढचं संकट आधीच ओळखलं असतं. पण ती त्या वेळी वेगळ्याच हिशेबात होती. खोपटाला कायमचा राखणदार नेमायचा होता. रोज कागद बदलायचा, दिवा बघायचा, बर्फ लोटायचं. सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन, शिवाय जळण फुकट! ताउनोची पाठ जंगलात ओंडके ओढून कामातून गेली होती. सकाळी त्याला बिछान्यातून उठवायला लेम्पीला ओढून धरावं लागे. "आणखी दोन हिवाळे तू जंगलात काढलेस तर तिसऱ्याला मीच एकटी राहीन," ती म्हणायची, आणि ते थट्टेत नसायचं.

आणि या कामाला ताउनोइतका लायक माणूस तालुक्यात नव्हता. भरलेली दुधाची बादली डोक्यावर असल्यासारखा तो चाले. दारूला शिवत नसे. घाई कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्या गावासमोर दुकानात त्याचं नाव जाहीर केलं. लेम्पीनं तोंडाला रुमाल लावला.

तेवढ्यात पोक्का गहिवरून उभा राहिला. "डॉक्टर, योग्य माणूस निवडलात! देशासाठी लढलेला! आजही रशियन लोखंड अंगात घेऊन हिंडतोय!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "लोखंड? अंगात? कुठं?"

पन्नास बोटांनी जागा दाखवली.

डॉक्टर टोपी काढून ताउनोपुढे उभे राहिले. "अलाकोर्वा, तुमच्यापुढे मी मान झुकवतो. पण तुम्हाला खोपटात घेता येणार नाही. तुम्ही रोज आलात-गेलात तर पन्नास वर्षं पृथ्वीऐवजी तुमचंच..." ते शब्द शोधू लागले. "तुमचंच शौर्य मोजत बसावं लागेल."

दुसरा उमेदवार म्हणजे पोक्काचा जावई रेइनो. याच्या घाईची ख्याती अशी, की त्यानं स्वतःचा सॉना दोनदा जाळला होता, आणि एकदा तो आत असताना.

घरी आल्यावर लेम्पीनं दार लावून घेतलं. "घोडीच्या दातांपायी सरकारी नोकरी घालवतोस? जा, आत्ता जा, आणि सांग त्यांना खरं काय ते!"

"डॉक्टरांना सांगितलं की पोक्काला कळणार. पोक्काला कळलं की..."

"गाव हसेल. हसू दे. मी पण हसेन तुझ्याबरोबर, पगाराच्या दिवशी."

"गावाचं नाही गं." ताउनो खाटेच्या काठावर बसला, दोन्ही कुल्ल्यांवर व्यवस्थित, कारण घरात लपवायचं कारण नव्हतं. "काकूंचं काय? तेरा वर्षं त्यांना सांगतोय, मी त्याच्याबरोबर होतो. आता काय सांगू? की तो माझ्या जागी उभा होता, आणि मी पालथा पडून घोडीला शिव्या देत होतो?"

लेम्पीचा राग तिथंच बसला. ती जरा वेळ चुलीत लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "लोखंड नाही हे सांगायचं नाही ना? मग लोखंड काढलं असं सांगू."

बेत झकास होता. ताउनोनं शहरात, रोवानिएमीला जायचं, तिथं लेम्पीच्या बहिणीकडे आठवडाभर राहायचं, परत येऊन शस्त्रक्रिया झाली म्हणायचं. सुई हलणार नाही, नोकरी मिळेल, आणि गोळ्याची गोष्ट जिथल्या तिथे. ताउनो टपालाच्या बसनं गेला. मेहुणीकडे मटणाचं कालवण खाऊन दोन किलो वाढून आला. बसमधून उतरताना त्यानं लंगडायला सुरुवात केली.

"दुसरा पाय!" लेम्पी दातओठ खात कुजबुजली. "उजवा, उजवा!"

त्यानं पाय बदलला. फाटकाशी हिल्माकाकू उभ्या होत्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, बरं वाटतंय का विचारलं. आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "ताउनो, ते लोखंड तुझ्याजवळच दिलं ना त्यांनी? मला देशील? अर्वोच्या थडग्यापाशी पुरेन म्हणते. ज्याचं त्याच्याजवळ."

या गोष्टीचा विचार दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. एक खोटं पचवायला दुसरं खावं लागतं, आणि दुसऱ्याला तोंडीलावणं म्हणून तिसरं. "सामानात आहे कुठंतरी," ताउनो पुटपुटला. "शोधून देतो."

त्या संध्याकाळी लेम्पीनं फुटकं बिडाचं भांडं अंगणात नेलं आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूनं त्याच्या काठाचा एक टवका उडवला. वर्षानुवर्षं त्यात लापशी शिजली होती. टवका त्यांनी राखेनं घासला, काडेपेटीत घातला, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता जेवले.

परीक्षेच्या दिवशी अख्खा गाव टेकाडापलीकडे जमला. पोक्कानं कॉफीची किटली आणली होती, ती अर्थात पार दूर ठेवली होती. हिल्माकाकू काळा पोशाख घालून आल्या होत्या. खोपटाचं दार उघडं ठेवून डॉक्टरांनी सगळ्यांना भिंतीवरचा ठिपका दाखवला. ताउनोनं सुरी काढली, बूट काढले, सुतळीची गाठ तपासली आणि लोकरी मोज्यांनी आत पाऊल टाकलं.

ठिपका उडी मारून खिडकीवर गेला.

"अरेरे!" गाव एका आवाजात म्हणाला.

"आत राहिलंय अजून!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अर्धवट काढलंय!"

"पुन्हा कापावं लागणार," पोक्का म्हणाला. "दुसरा कुल्लाही बघून घ्या म्हणावं एकदाचा."

"कोट!" लेम्पी मागून किंचाळली. "अरे, कोटाचा खिसा!"

ताउनोला काडेपेटी आठवली. तो बाहेर आला, काडेपेटी पोक्काच्या हातात देऊन परत आत गेला, आणि या वेळी ठिपका भिंतीवर खिळल्यासारखा राहिला. डॉक्टरांनी त्याला डावीकडून चालवला, उजवीकडून चालवला, मागचा भाग यंत्राकडे करून उभा केला. ठिपका ढिम्म. डॉक्टरांनी पुढे होऊन ताउनोचे दोन्ही हात घट्ट दाबले. नोकरी मिळाली! लेम्पी मटकन ओंडक्यावर बसली आणि रडायला लागली.

पण गावाचं लक्ष आता खोपटाकडे नव्हतंच. पोक्कानं काडेपेटी उघडली होती. "हेच का ते!" तो म्हणाला, आणि त्यानं टोपी काढली. त्याचं बघून शेजारच्यानं काढली. टवका हातोहात फिरू लागला. ज्यांनी ज्यांनी तो तळहातावर घेतला त्यांनी डोकं उघडं केलं. "एवढासा, पण बघा किती जड!" "रशियन पोलाद ते. काळं कसं आहे!" पाद्रीबुवांनी तर डोळे मिटून ओठ हलवले. ताउनो मोज्यांवर उभा राहून बघत होता: त्याची सगळी ओळखीची माणसं, ज्यांच्यात निम्मे स्वतः आघाडीवर जाऊन आलेले, थंडीत बोडक्या डोक्यानं लेम्पीच्या लापशीच्या भांड्याला मान देत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी टवका हिल्माकाकूंकडे पोचला. त्यांनी तो पांढऱ्या रुमालात बांधला आणि घराकडे चालू लागल्या.

तो शनिवार होता. सॉनात गावानं ताउनोला टाळ्या वाजवून वरच्या फळीवर बसवलं. इतक्या वर्षांनी धग अंगाला लागली, पण त्याला तिचं सुख म्हणून लागलं नाही. तो लवकर उठला. वाटेत लेम्पी भेटली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगणारेस."

"ती बाई आपलं लापशीचं भांडं पोराच्या थडग्यात पुरणार, लेम्पी."

"जा मग," ती म्हणाली. "नोकरी गेली तरी जा."

काकूंच्या टेबलावर लेसचा रुमाल अंथरला होता. त्यावर अर्वोचा गणवेशातला फोटो, आणि फोटोपुढे टवका. काकूंनी कॉफी ओतली. ताउनो बसला नाही.

"काकू, ते पुरू नका. ते आमचं लापशीचं भांडं आहे. लेम्पीनं फोडलं."

किटली हातात धरूनच काकूंनी टवक्याकडे बघितलं.

मग त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, दरवाज्याकडे बघत. गोळा अंगात कधीच नव्हता. तबेला. बुटाची नाडी. खिशातली भाकरी. "लौहा चावली मला, काकू. तुमची लौहा. मला उभं राहता येईना म्हणून माझी पाळी त्यानं घेतली. मी त्याच्याजवळ नव्हतो. तो माझ्या जागी होता. मरायचं ते मी होतो. आणि तेरा वर्षं मी तुमची कॉफी पितोय."

काकूंनी किटली खाली ठेवली. त्या उठून चुलीपाशी गेल्या आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. इतका वेळ, की ताउनोनं टोपी उचलली आणि कडीला हात घातला.

"मागच्या खिशात होती भाकरी?" काकूंनी न वळता विचारलं.

"हो."

"मीच लावली होती तिला सवय. एप्रनच्या मागं गाठीत तुकडा खोचून ठेवायची मी, आणि ती यायची मागनं." त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. "पाद्री आला होता, तेव्हा त्यानं सांगितलं, अर्वो देशासाठी गेला. साहेबाचा माणूस आला, त्यानं सांगितलं, शूर होता. तू सांगितलंस, त्याला कळलं नाही. सगळ्यांनी मला तो कसा मेला तेच सांगितलं रे." आता त्या वळल्या. डोळे कोरडे होते, आवाज कडक होता. "घोडी चावली तेव्हा तो कुठं होता?"

"तिथंच. कंदील धरून."

"मग? काय केलं त्यानं?"

ताउनोनं इतक्या वर्षांत ही गोष्ट लेम्पीलाही सांगितली नव्हती. "हसला," तो म्हणाला. "कंदील धरता येईना त्याला. बर्फात फतकल मारून बसला. मी बोंबलतोय आणि हा हसतोय. नंतर उठला, म्हणाला, 'पड पालथा, वीरा, तुझी पाळी मी करतो.' आणि गेला. जाताना वळून वळून माझ्याकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा हसत होता."

"आवाज यायचा हसताना?"

"अं?"

"आवाज येत होता का त्याच्या हसण्याचा? नीट आठव."

ताउनोनं डोळे मिटले. "नाही," तो म्हणाला. "आवाज नाही. नुसता हलत होता."

"मग तो अर्वोच," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले. ताउनोला वाटलं, आता रडतायत. तो घाबरून पुढे झाला, काय करावं कळेना म्हणून त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. काकूंच्या तोंडून आवाज येत नव्हता. नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी एक हात काढून त्याच्या उजव्या कुल्ल्याकडे बोट दाखवलं, आणि खांदे आणखी हलू लागले.